नुसते कष्ट की डोळस कष्ट?



वजनकाट्यापाशी किंवा सोसायटीच्या ओट्यावर चार शेतकरी टेकले, की एक वाद हमखास निघतो. एकाच शिवारात, एकाच पाटाच्या पाण्यावर, एकाच जातीचा ऊस दोघांनी लावलेला असतो. एकाचा उतारा एकरी पन्नास-साठ टनांवर जातो, दुसऱ्याचे गाडे तिशीच्या पुढे सरकत नाही. मग कुणी म्हणतो, "अहो, तो राबतोय, म्हणून त्याला पडतंय." दुसरा म्हणतो, "राबायचं काय सांगता? हा त्याच्या दुप्पट राबतो. पण डोकं नको का चालवायला?" एकजण 'प्रयत्नांती परमेश्वर' म्हणतो, दुसरा 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' म्हणतो, आणि चहा झाला की मंडळी आपापल्या वाटेला लागतात. वाद तिथेच राहतो.

पण हा वाद नुसता गप्पांचा नाही. खताचे पोते, मजुरी, विजेचे बिल, सोसायटीचे कर्ज हे सारे त्यात गुंतलेले आहे. चुकीच्या जागी गाळलेला घाम वाया तर जातोच, पण कधी कधी तो रानाचेही वाटोळे करून जातो. म्हणून या लेखात हा प्रश्न थोडा खोलात जाऊन पाहू. त्यासाठी उदाहरण मात्र उसाच्या पट्ट्यातले घेतलेले नाही. आपल्या रानातले उदाहरण घेतले की माणूस लगेच जात, जमीन आणि पाणी यांवर घसरतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. जिथे ऊस नाही, कारखाना नाही, नुसते जंगल आहे, अशा ठिकाणी जाऊन पाहिले की कष्ट कुठे संपतात आणि तारतम्य कुठे सुरू होते, हे स्वच्छ दिसते. असे ठिकाण आपल्या महाराष्ट्रातच आहे. त्याचे नाव हेमलकसा.

जंगलातले हेमलकसा

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात, भामरागडच्या अलीकडे तीन-चार किलोमीटरवर हेमलकसा आहे. जवळच इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. पलीकडे छत्तीसगड. हा भाग पूर्वी चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होता, १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. येथे राहतात ते माडिया गोंड. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि त्याची जबाबदारी उचलली ती त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी आमटे यांनी. डॉ. प्रकाश शस्त्रक्रियेचे पुढचे शिक्षण सोडून आले. मंदाताई भूलतज्ज्ञ. नागपुरात दोघांचे बस्तान सहज बसले असते.

त्यांच्या हालअपेष्टांची यादी करायची तर पाने पुरणार नाहीत. राहायला झोपडी, भोवती दाट जंगल, साप-विंचू, वाघ-अस्वल. पावसाळ्यात नद्या फुगल्या की रस्ता बंद. वीज तर सुमारे सतरा वर्षे नव्हती. कंदिलाच्या उजेडात टाके घालायचे आणि अडलेल्या बाईची सुटका करायची. कष्ट म्हणून आपण ज्याला म्हणतो ते येथे पुरेपूर होते.

पण थांबा. नुसत्या कष्टांवर हे काम उभे राहिले असते का? जंगलात जाऊन हाल सोसणारे पुष्कळ असतात. त्यांच्यातले बरेच दोन-चार वर्षांत थकून परत येतात आणि "लोकांनाच सुधारायचं नाही" म्हणून मोकळे होतात. हेमलकशाचे काम टिकले आणि वाढले, त्याला कारण झाले ते कष्टांच्या आधी आणि कष्टांच्या बरोबर घेतलेले काही निर्णय. ते एकेक करून पाहू.

आधी भाषा, मग औषध

दवाखाना उघडला म्हणून रोगी आले, असे तेथे झाले नाही. परका माणूस दिसला की माडिया लोक पळून जात. आजवर बाहेरून आलेल्याने त्यांना लुबाडले होते किंवा दरडावले होते, मग विश्वास ठेवायचा कशावर? शिवाय माडियांची भाषा वेगळी. तिला मराठी समजत नाही आणि मराठीला ती समजत नाही.

अशा वेळी कष्टाळू पण घाईचा माणूस काय करील? औषधांची पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरेल आणि लोक पळाले की चिडेल. आमटे दांपत्याने आणि त्यांच्या सोबत्यांनी माडिया भाषा शिकायला घेतली. एकेक शब्द विचारायचा, ध्यानात ठेवायचा, वापरून बघायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावे की डॉक्टर होऊन हे गडी वेळ घालवताहेत. पण 'कुठे दुखते' आणि 'कधीपासून दुखते' हे रोग्याच्या भाषेत विचारता आले नाही, तर सगळी डॉक्टरकी पेटीतच राहते.

सुरुवातीला लोक आजारी माणसाला आधी पुजाऱ्याकडे नेत. तिथे उपाय हरला, माणूस जातो असे दिसले, की शेवटचा प्रयत्न म्हणून दवाखाना. म्हणजे पहिले रोगी आले ते बहुतेक हाताबाहेर गेलेले. फेफरे येऊन विस्तवात पडलेला, भाजलेला एक रोगी असाच आला. त्याची शुश्रूषा झाली आणि तो बरा होऊन आपल्या पायांनी घरी गेला. मेंदूला चढलेल्या हिवतापातून माणसे उठून बसू लागली. बातमी गावोगाव गेली. पुजाऱ्याशी भांडण काढले असते, अंधश्रद्धेवर व्याख्याने दिली असती, तर हे झाले नसते. बरा होऊन परतलेला माणूस हीच जाहिरात, हे त्यांनी ओळखले आणि थांबण्याची तयारी ठेवली. कुठे जोर लावायचा हे जसे कळावे लागते, तसे कुठे लावायचा नाही हेही कळावे लागते.

कपड्यांची गोष्ट

डॉ. प्रकाश आमटे बनियन आणि अर्ध्या चड्डीत वावरतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पुष्कळांना ते साधेपणाचे व्रत वाटते. पण त्यामागे व्यवहारही आहे. ज्या लोकांच्या अंगावर लंगोटीपुरतेच कापड, त्यांच्यासमोर शर्ट-पॅंट घातलेला माणूस म्हणजे साहेब, आणि साहेब म्हणजे भीती. कपडे उतरवले तशी ती भीतीही काही अंशी उतरली. याला एक पैसा खर्च आला नाही, घाम गाळावा लागला नाही. नुसते समोरच्याच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहावे लागले. आपल्याकडेही पाहा. साहेबी थाटात बांधावर आलेल्याला शेतकरी "होय साहेब" म्हणतो आणि मनातले काहीच सांगत नाही. तोच माणूस बांधावर बसून भाकरी खाऊ लागला की खरी अडचण बाहेर येते.

माकडाचे पिल्लू आणि तांदूळ

जंगलात शिकार हे माडियांचे पोटापाण्याचे साधन होते. एकदा काही जण माकडे मारून नेताना आमटे यांना दिसले. मेलेल्या आईला एक जिवंत पिल्लू बिलगलेले होते. ते पाहून कुणाचेही काळीज हलेल. पण भुकेल्या माणसाला 'शिकार हे पाप आहे' म्हणून सांगायचे, तर त्याच्या पोटाला काय द्यायचे? डॉक्टरांनी पिल्लू मागून घेतले आणि त्याच्या बदल्यात तांदूळ आणि कपडे दिले. पुढे तसाच सांगावा गावोगाव गेला की पिल्लू जिवंत सापडले तर मारू नका, आमच्याकडे आणा. अशी पिल्ले येत गेली. अस्वल, बिबट्या, हरणे, साप असे करता करता वन्यप्राण्यांचे अनाथालय उभे राहिले.

यातला हिशेब सभासदांनी नीट ध्यानात घ्यावा. उपदेशाने जे झाले नसते ते देवघेवीने झाले, कारण समोरच्याची गरज आधी ओळखली गेली.

चारोळी, मीठ आणि गूळ

आता प्रश्नाची दुसरी बाजू. माडिया माणूस कष्टाला कमी होता काय? मुळीच नाही. उन्हाळ्यात जंगल पालथे घालून चारोळी, मोह, डिंक गोळा करायचा, डोक्यावर ओझे घेऊन मैलोगणती चालायचे. आणि एवढे करून व्यापारी ती मोलाची चारोळी मिठाच्या मोबदल्यात घेऊन जात. मापही त्याचे, हिशेबही त्याचा. घाम गाळणाऱ्याला बाजारात आपल्या मालाची किंमत काय आहे हेच ठाऊक नव्हते. येथे आळसाचा दोष नव्हता, की अकलेचाही नव्हता. जंगलातली प्रत्येक मुळी ओळखणाऱ्याला अडाणी कोण म्हणेल? त्याला माहिती मिळू दिलेली नव्हती, एवढेच.

म्हणून प्रकल्पाने १९७६ साली शाळा काढली. माडिया मुलाला आधी त्याच्याच भाषेत समजावून मग मराठीकडे न्यायचे, असे धोरण ठेवले. आमटे यांची स्वतःची मुलेही याच शाळेत माडिया मुलांच्या मांडीला मांडी लावून शिकली. आपली मुले शहरात ठेवून दुसऱ्यांच्या मुलांना शाळेत बोलावले असते, तर लोकांनी काय समजायचे ते समजून घेतले असते. याच शाळेत शिकलेली मुले पुढे डॉक्टर, शिक्षक, सरकारी नोकर झाली.

आपल्या बापजाद्यांची स्थिती काय वेगळी होती? त्यांनी ऊस पिकवला, रात्रभर गुऱ्हाळ जागवले, आणि गुळाचा भाव मात्र पेठेतल्या आडत्याने ठरवला. कष्टात कसूर नव्हती. मग प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभा केला. १९५० च्या अखेरीस त्याची चाके फिरू लागली. शेतकऱ्याचे कष्ट होते तेवढेच राहिले, बदलला तो निर्णय. 'माल कुणाच्या दारात घालायचा' हा प्रश्न 'आपलेच दार का बांधू नये' असा बदलून विचारला गेला. आज आपण ज्या संस्थेचे भागधारक आहोत, ती अशाच एका तारतम्याचे फळ आहे.

मग कष्टांचे काय?

एवढे वाचून कुणी म्हणेल, "म्हणजे डोकं चालवलं की झालं, राबायची गरज नाही." तसे मुळीच नाही. कट्ट्यावर बसून सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारे, आणि स्वतःच्या रानात हराळी माजलेली, असे शहाणे आपल्याकडे थोडे नाहीत. उंटावरून शेळ्या हाकून शेळ्या घरी येत नाहीत.

हेमलकशाचा एकही निर्णय कष्टांवाचून फळाला आला नसता. भाषा शिकायचे ठरवले हे खरे, पण ती महिनोन्महिने शिकावी लागली. लोकांची वाट पाहायचे ठरवले, पण ती वाट कंदिलाच्या उजेडात, चिखलात, वर्षानुवर्षे पाहिली. २००८ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या दवाखान्यात पन्नास खाटा होत्या आणि वर्षाला सुमारे चाळीस हजार रोग्यांवर उपचार होत होते. ज्या दवाखान्याकडे कुणी फिरकत नव्हते, तो येथवर यायला जवळजवळ पस्तीस वर्षे लागली. आता पुढची पिढी, म्हणजे डॉ. दिगंत आणि अनिकेत, हे काम पाहत आहे.

आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, तारतम्य येते कुठून? ते पुस्तकात छापलेले नसते. हेमलकशाला जाण्याआधी नागपुरात बसून कुणाला कळले असते, की शर्टाची भीती वाटते म्हणून रोगी येत नाही? ते तेथे राहून, राबून, डोळे उघडे ठेवूनच कळले. म्हणजे तारतम्य हे कष्टांचेच पोटचे पोर. फरक एवढाच की मान खाली घालून केलेल्या कष्टांतून ते जन्मत नाही, पाहत-पाहत केलेल्या कष्टांतून जन्मते. तीस वर्षे शेती करणारे दोघे असतात. एकाजवळ तीस वर्षांचा अनुभव असतो, दुसऱ्याजवळ एकाच वर्षाचा अनुभव तीस वेळा गिरवलेला असतो.

आता आपल्या रानात या

आपल्या पट्ट्यात कष्ट आणि तारतम्य यांची फारकत झाली की काय होते, याचे सर्वांत जळजळीत उदाहरण म्हणजे पाणी. रात्रीच्या विजेवर, थंडीत कुडकुडत, साप-किरडाची भीती न बाळगता शेतकरी दारे धरतो. याहून मोठे कष्ट कोणते? पण निचरा नसलेल्या काळ्या रानात पाळीमागून पाळी तुंबवून दिली, की जमिनीतले क्षार वर येतात. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा-वारणेच्या काठची सोन्यासारखी जमीन अशीच क्षारपड, चोपण झाली. ज्या रानात ऊस डोक्यावर जात होता, तिथे लव्हाळा उगवला. ते रान आळशाने घालवलेले नाही. उजाडेपर्यंत जागून पाणी पाजणाऱ्याने घालवले. अशी जमीन पुन्हा वळणावर आणायची तर चर खोदा, जमिनीखालून सच्छिद्र नळ घाला, त्यासाठी पुन्हा कर्ज काढा. वेळीच चार पाळ्या कमी दिल्या असत्या किंवा ठिबक बसवले असते, तर कष्टही वाचले असते आणि जमीनही.

खताचेही तेच. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद, ११५ किलो पालाश. आडसालीला ४०० किलो नत्र आणि स्फुरद-पालाश प्रत्येकी १७० किलो, अशी शिफारस आहे. नत्र चार हप्त्यांत द्यायचे: लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले चाळीस टक्के. पण शेजाऱ्याचा ऊस हिरवागार दिसला की आपण बांधणीनंतरही युरियाचे पोते फोडतो. पाला काळाभोर होतो, मनाला बरे वाटते, पण ऊस लोळतो आणि साखरेचा उतारा घसरतो. पोते आपण आणले, पाठीवर आपण वाहिले, आणि नुकसानही आपलेच केले.

बेण्याच्या बाबतीत तर कष्टही लागत नाहीत, फक्त निवड लागते. खोडव्याचे किंवा तोडणीला आलेले जून बेणे वापरण्यापेक्षा बेणे मळ्यातले नऊ ते अकरा महिन्यांचे रसरशीत बेणे घ्यावे आणि तीन-चार वर्षांनी बदलावे. तिथे चूक झाली तर पुढचे वर्षभर कितीही राबा, आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही.

आणि पाचट. ऊस तुटून गेला की काडी ओढायची आणि दोन तासांत रान मोकळे करायचे, ही सवय. त्याऐवजी बुडखे जमिनीलगत छाटून घ्यावेत, पाचट सरीत बसवावे, एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. ओल टिकते, तण दबते, जमिनीला सेंद्रिय खत मिळते, खुरपणीचे कष्ट कमी होतात. येथे तारतम्य कष्टांना वाढवत नाही, उलट हलके करते.

स्वतःला विचारायचे चार प्रश्न

हेमलकशाच्या उदाहरणावरून प्रत्येक सभासदाने कामाला हात घालण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला, हे काम पिकाला हवे आहे म्हणून मी करतो आहे, की नुसती सवय म्हणून? पाण्याची पाळी आली म्हणून पाणी देणे वेगळे आणि माती हातात घेऊन, ओल बघून पाणी देणे वेगळे.

दुसरा, समोरच्याची भाषा मला येते का? डॉक्टरांनी माडिया शिकली, तशी जमिनीचीही भाषा असते. माती परीक्षणाचा कागद ही त्या भाषेची पहिली इयत्ता.

तिसरा, मी कुणाला विचारले का? आमटे दांपत्याने निरक्षर माडियाला गुरू केले. आपल्याला मात्र धाकट्या भावाला विचारायची लाज, घरच्या बाईला विचारायची तर त्याहून. वास्तविक बेणे मांडण्यात आणि खुरपण्यात तिची नजर आपल्यापेक्षा बारीक असते.

चौथा, फळ यायला लागणारा वेळ मी देणार आहे का? ठिबक बसवले आणि पहिल्याच वर्षी हिशेब जमला नाही म्हणून नळ्या गुंडाळून ठेवल्या, किंवा हिरवळीचे खत एकदा करून सोडून दिले, असे करणाऱ्याचा निर्णय बरोबर असूनही पदरात काही पडत नाही.

तेव्हा यश कष्टाने की तारतम्याने, या वादाचा निकाल असा द्यावा लागतो. दिशा ठरायची असते तोवर तारतम्य मोठे, आणि दिशा ठरली की कष्ट मोठे. गाडीला दोन्ही बैल लागतात, पण कासरा कुणाच्या हातात आहे, यावर ती बांधाला जाते की खड्ड्यात, हे ठरते. आपल्यातला प्रत्येक शेतकरी राबणारा आहे, त्याला राबायला शिकवण्याची गरज नाही. त्याने राबण्याआधी घटकाभर बांधावर उभे राहून पाहावे, एवढेच सांगायचे आहे. येत्या लागणीपूर्वी निदान मातीचा नमुना तरी तपासून घ्यावा आणि त्याचा कागद घेऊन शेतकी खात्याच्या गट कार्यालयात यावे. पुढचे वर्षभराचे कष्ट कुठे घालायचे, हे तिथेच बसून ठरवता येईल.